प्रवरेच्या पाण्यामागून : भंडारदऱ्याचे तीन दिवस

भंडारदरा नाशिककरांना परके वाटत नाही. नकाशावर ते अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात येते. पण नाशिकहून घोटीमार्गे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच असल्याने पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर एमएच-१५ च्या गाड्यांचीच रांग लागलेली असते. बहुतेक मंडळी सकाळी निघतात, धबधब्यांपुढे छायाचित्रे काढतात, तळ्याकाठी भाजलेले कणीस खातात आणि अंधार पडायच्या आत घोटी गाठतात. या वेळी आम्हाला मात्र सावकाश जायचे होते, कारण आमच्याबरोबर मामा होते. मामा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. गोदावरीच्या कालव्यांवर नोकरी झाल्यामुळे भंडारदऱ्याचे नाव त्यांनी पाणीपत्रकांत आणि बैठकांत सतत ऐकले होते, पण धरणाच्या पायथ्याशी निवांत उभे राहण्याचा योग कधी आला नव्हता. ‘धबधबे पाहून या, पण ते पाणी कुठून सुटते आणि कुठे जाते तेही पाहू या,’ एवढीच त्यांची अट होती. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही मुद्दाम निवडला. तोवर धरण भरलेले असते, मुसळधार पाऊस ओसरलेला असतो आणि डोंगर अजून हिरवे असतात.

शुक्रवार : नाशिक ते शेंडी

मुंबई नाक्यावरून महामार्गाला लागल्यावर विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे ही औद्योगिक पट्ट्यातली गावे पटापट मागे पडतात आणि मुंढेगावानंतर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागतात. इथे कुठेतरी मामांनी डावीकडे हात करून दारणा धरणाची दिशा दाखवली. इगतपुरी तालुक्यातल्या नांदगाव बुद्रुकजवळचे हे धरण १९१६ साली पुरे झाले. त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडवून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांत सोडले जाते. दारणा आणि भंडारदरा ही एकाच काळातली कामे आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी दुष्काळ आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी दख्खनचा पठारी भाग होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून तो पूर्वेकडच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत नेण्याचा मार्ग सुचवला. पुढच्या दोन दिवसांत जे जे आम्ही पाहिले, त्या सगळ्यामागे हा एकच विचार उभा होता.

घोटी हे भाताच्या गिरण्यांचे गाव. तिथे महामार्ग सोडून पिंपळगाव मोर, वासाळी करत रस्ता डोंगरांच्या दिशेने सरकतो. उजव्या हाताला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले एका रांगेत दिसतात, आणि बारीचा घाट चढू लागलो की कळसूबाईचा डोंगर समोर येतो. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. शिड्यांची वाट बारी गावातून चढते. माथ्यावरचे कळसूबाईचे छोटे देऊळ त्या दुपारी ढगात होते. नवरात्रात या वाटेवर दोन्ही जिल्ह्यांतल्या भाविकांची रीघ लागते. माझे यजमान दोन-तीनदा वर जाऊन आलेले आहेत; मामांच्या गुडघ्यांना ती चढण झेपणारी नव्हती, त्यामुळे खालूनच नमस्कार करून पुढे निघालो.

शेंडी हे धरणाखालचे गाव. राहण्याची सोय तिथल्या एका शेतकरी कुटुंबाच्या घरात केली होती. सामान टाकून लगेच धरणाकडे गेलो, कारण दुपारनंतर ढग उतरले की भिंत दिसेनाशी होते असे घरमालक दादांनी बजावले होते.

भंडारदऱ्याची भिंत पहिल्यांदा खालून पाहावी. भिंतीखालच्या बागेत उभे राहिलो, तेव्हा काळ्या दगडाची ती प्रचंड चिरेबंदी दोन डोंगरांच्या मधली अख्खी खिंड भरून उभी होती. उंची ८२ मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे जुन्या मापात २७० फूट. लांबी ५०७ मीटर. काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून कागदोपत्री विल्सन धरण हे नाव पडले. जलाशयाला ऑर्थर लेक म्हणत. दगड आणि चुना एवढ्यावर, हजारो मजुरांच्या हातांनी, मधे पहिले महायुद्ध झाले तरी हे काम पुरे झाले. त्या काळच्या भारतातल्या सर्वांत उंच धरणांपैकी ते एक होते. ज्यांनी दगड घडवले आणि वाहून नेले त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत याची मला त्या भिंतीसमोर खंत वाटली.

भिंतीच्या दर्शनी बाजूला अंतराअंतरावर उतरते आधारखांब दिसतात. पाहणाऱ्याला ती मूळची रचना वाटते, पण ते नंतरचे आहेत. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेल्याचे आणि पाझर वाढल्याचे लक्षात आले. धरणाखाली संगमनेरपर्यंत दाट वस्ती असल्याने ती बाब किती गंभीर होती हे सांगायला नको. पुढच्या काही वर्षांत हे खांब बांधून भिंत मजबूत करण्यात आली. मामा बराच वेळ त्या खांबांकडेच पाहत होते. धरण बांधणाऱ्यांचे कौतुक सगळे करतात, पण शंभर वर्षांचे धरण टिकवून ठेवणारी माणसेही तितकीच मोठी असतात, असे ते म्हणाले, आणि मला ते मनापासून पटले.

बागेतली गर्दी मात्र नाराज होती, कारण सर्वांना पाहायचा असलेला अंब्रेला फॉल बंद होता. भिंतीतल्या मोरीतून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, पाणी सोडले की ते खालच्या एका गोलाकार खडकावर आदळते आणि चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरून खाली येते. समोरच्या छोट्या पुलावरून हे दृश्य फार सुंदर दिसते. आज मोरी बंद होती. खडक ओला, शेवाळलेला आणि उघडा होता. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली आजी विचारत होती, ‘धरण तर तुडुंब आहे, मग पाणी का सोडत नाहीत?’ मामांनी त्यांना जे समजावून सांगितले ते इथे थोडक्यात देते.

धरणाचे पाणी मुळात शेतीसाठी आहे. ते आवर्तनाच्या हिशेबाने, म्हणजे पिकांच्या पाळीप्रमाणे, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या मापाने सोडले जाते. पावसाळ्यात खालच्या शेताला मागणी नसते. तेव्हा धरण भरून ठेवायचे असते आणि भरल्यावर जेवढे पाणी वरून येईल तेवढेच खाली जाऊ द्यायचे असते. हे येणारे पाणी थोडे असेल तर ते पायथ्याच्या वीजगृहातून सोडतात, कारण मोरीतून मोकळे सोडलेल्या पाण्यापासून वीज मिळत नाही आणि टर्बाइनमधून सोडले तर तेच पाणी काम करून नदीत जाते. हा येवा वाढला तर मोरी किंवा सांडव्याचे, म्हणजे जादा पाणी काढून देणाऱ्या वाटेचे, दरवाजे उघडतात. म्हणजे अंब्रेला फॉल हा निसर्गाचा धबधबा नाही; तो धरणाच्या कामकाजातला एक क्षण आहे. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘मग ते आधी सांगायला हवे होते कुणीतरी.’ त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. कोणत्या दिवशी विसर्ग आहे याचा एक फलक बागेच्या दारात लावला तर दूरवरून आलेल्या माणसांची निराशा टळेल, आणि त्याहून मोलाचे म्हणजे धरण कशासाठी आहे हेही चार लोकांना कळेल.

वीजगृह धरणाच्या मानाने तरुण आहे. धरण वीज निर्माण करण्यासाठी बांधलेलेच नव्हते. त्याच काळात लोणावळ्याच्या परिसरात टाटांची धरणे मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी उभी राहिली आणि मुळशीत त्यासाठी जमिनी गेल्याने सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. भंडारदऱ्याचा हेतू वेगळा होता, आणि पायथ्याला जनित्र बसायला उद्घाटनानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. आज तिथल्या जनित्राची क्षमता १२ मेगावॉट आहे. आत जाण्याची परवानगी पर्यटकांना नसते. बाहेरून एक अखंड घुमणारा आवाज तेवढा ऐकू येतो.

संध्याकाळी दादांच्या ओसरीवर बसलो. जेवायला तांदळाची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात होता. वहिनींनी नागलीचे पापडही भाजले. हा सगळा भाग महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. दादांनी त्यांची गोष्ट जवळच्या नातलगाची सांगावी तशी सांगितली. बोलता बोलता मी विचारले की एवढे मोठे धरण शेजारी असताना इथे पाण्याची ददात नसेल ना. वहिनी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘ताई, मे महिन्यात या. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आमचे आहे. वरच्या वाड्यांतल्या बायका हंडा घेऊन झऱ्यावर रांग लावतात.’ वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे ऐकावे लागते. पाऊस डोंगरउतारावरून धावत धरणात जातो, खडकात मुरत नाही, आणि धरणातले पाणी उचलून वर आणण्याची योजना प्रत्येक वाडीपर्यंत पोचलेली नाही. भंडारदऱ्याबद्दल लिहिताना धबधब्यांच्या आधी ही गोष्ट लिहायला हवी असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

शनिवार : जलाशयाला वळसा

सकाळी धुके होते, तरी नऊच्या सुमारास निघालो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि पुन्हा शेंडी असा जलाशयाभोवतीचा रस्ता चाळीसेक किलोमीटरचा आहे. दिवसभर पुरेल एवढे या वाटेवर आहे. उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा जांभळा रंग एकमेकांत मिसळला होता. खाचरांत भात निसवला होता. या तालुक्यात भाताचे जुने वाण अजून घराघरांत जपलेले आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, त्या याच अकोले तालुक्यातल्या. पांजऱ्याच्या पुढे मोसमी धबधबे जागोजागी रस्त्यावरच उतरलेले असतात, आणि तिथे गाड्या वेड्यावाकड्या उभ्या राहून वाहतूक अडते. तिथे आम्ही थांबलो नाही.

घाटघर हे या फेरीतले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण. एका बाजूला सह्याद्री एकदम संपतो आणि कोकणकड्यावरून ठाणे जिल्ह्याचा सखल मुलूख पायाखाली दिसतो. दुसऱ्या बाजूला, अगदी कड्याच्या जवळ, एक बुटके धरण आहे ज्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. हे घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे वरचे धरण. खालचे धरण कड्याखाली शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ आहे. दोहोंमध्ये चारशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक असून वीजगृह डोंगराच्या पोटात कोरलेले आहे. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वरचे पाणी बोगद्यातून खाली सोडायचे आणि १२५ मेगावॉटच्या दोन संचांवर २५० मेगावॉट वीज घ्यायची. रात्री मागणी उतरली की तीच यंत्रे उलटी फिरवून तेच पाणी वर चढवायचे. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते, हे ऐकल्यावर माझ्या यजमानांना हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटला. मामांनी समजावले की रात्रीची वीज कोणाला नको असते आणि संध्याकाळची सर्वांना हवी असते. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही, पाणी मात्र उंचावर ठेवता येते. जपानच्या कर्जसाहाय्याने झालेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि या पद्धतीने बांधलेली ती देशातली पहिली धरणे. चुन्यातली दगडी भिंत आणि हे काँक्रीट यांच्यात ऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण रस्त्याने ते अर्ध्या तासाचे.

कड्यावर उभे असताना एक विचार मनात आला. इथे पडणारा पाऊस काही मीटर इकडे पडला तर प्रवरेतून गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो, काही मीटर तिकडे पडला तर कोकणातून अरबी समुद्रात जातो. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला श्रीरामपूर-राहात्याकडे जेमतेम पाचशे मिलिमीटर. ही तफावत भरून काढण्यासाठीच भंडारदऱ्याची भिंत आहे. पावसाळ्यात रोज सकाळी वर्तमानपत्रात ‘घाटघर, रतनवाडी’ येथील पावसाचे आकडे छापले जातात ते पर्यटकांसाठी नाहीत. खालचा शेतकरी ते वाचून पुढच्या हंगामाचे गणित मांडत असतो. पंधरा ऑगस्टपर्यंत धरण भरते असा पूर्वापार समज आहे, आणि ज्या वर्षी ते त्या तारखेला भरत नाही त्या वर्षी लाभक्षेत्रात काळजीचे बोलणे सुरू होते.

साम्रदला सांदण दरीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. दोन उभ्या कातळांमधली ही अरुंद घळ शेकडो फूट खोल आहे आणि कोकणाच्या दिशेने उतरत जाते. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा येतो, त्यामुळे आत उतरणे जिवावरचे असते. गावातल्या वाटाड्याने पर्यटकांच्या एका तरुण गटाला ठामपणे परत पाठवले. ते तरुण नाखूश झाले, पण वाटाड्याने स्वतःचे त्या दिवसाचे उत्पन्न सोडून हे केले याचे मोल त्यांनी जाणायला हवे होते.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात दुपार गेली. हे मंदिर शिलाहार राजा झंझ याच्या काळचे मानतात. बाहेरच्या भिंतींवर आणि शिखरावर नक्षीकाम इतके दाट आहे की एकेक थर नीट पाहायचा तर तास पुरत नाही. गाभाऱ्यात पाणी शिरलेले होते आणि पिंड त्यात बुडाली होती. पावसाळ्यात इथे असेच असते. आवाराबाहेरची पुष्करणी मला मंदिराहून अधिक आवडली. चौकोनी कुंड, चारी बाजूंना कोनाडे, त्यांत मूर्ती आणि हिरवे स्थिर पाणी. पाणी अडवून ते आदराने ठेवण्याची कला या खोऱ्यात विल्सनसाहेबांच्या कितीतरी शतके आधीपासून होती. मागे रतनगड उभा होता, माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, ढगातून मधूनच दिसत होते. प्रवरा याच डोंगरावर उगम पावते असे मानतात, म्हणजे आम्ही नदीच्या अगदी सुरुवातीला पोचलो होतो.

परतल्यावर ऊन पडले होते म्हणून तासभर नावेत बसलो. नावाड्याने सर्वांना जॅकेट घालायला लावले आणि मगच इंजिन सुरू केले. जलाशय भरलेला असताना नावेतून भिंतीची वरची कड पाण्यापासून हातभर अंतरावर आहे असे वाटते. काल खालून पाहिलेली २७० फुटांची भिंत जवळजवळ सगळी आता आमच्या खाली होती. भंडारदऱ्यात सुमारे ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. आकड्याने डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटरहून अधिक, असे मामांनी सांगितले आणि मग आम्ही कोणीच काही बोललो नाही.

काठावर तंबूंच्या रांगा उभ्या होत्या. त्यांतून स्थानिक तरुणांना रोजगार मिळतो, ही फार चांगली गोष्ट आहे. पुण्या-मुंबईला बिगारीला जाणारी मुले घरी राहू लागली, असे दादांनी अभिमानाने सांगितले. पण रात्री दोन-तीन ठिकाणी कर्कश गाणी सुरू झाली आणि समोरच्या डोंगरावरून ती परत आदळू लागली. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत इथल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर लक्षावधी काजवे चमकतात आणि ते पाहायला एवढी झुंबड उडते की वनखात्याला वेळेचे निर्बंध घालावे लागतात. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण देण्यासाठी. मोटारींच्या दिव्यांत ती खूण हरवते आणि पायाखाली जमिनीवरच्या माद्या चिरडतात. गाडी गावात उभी करून, विजेरी बंद ठेवून, स्थानिक वाटाड्याबरोबर पायी जाणाऱ्यांनीच तो सोहळा पाहायला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्री दहाच्या पुढे पाऊस सुरू झाला आणि पहाटेपर्यंत थांबला नाही.

रविवार : पाण्याबरोबर खाली

सकाळी दादाच बातमी घेऊन आले : वर घाटघर-रतनवाडीला जोरदार पाऊस झाला असून सांडव्यातून पाणी सोडले आहे. आम्ही चहा तसाच ठेवून निघालो. धरणाच्या कडेने सांडव्याचे पाणी पांढरे होऊन उतरत होते आणि मोरीही उघडली होती. अंब्रेला फॉलचा खडक आता पाण्याखाली लपला होता. पुलावर तुषार इतके होते की छत्री निरुपयोगी ठरली. परवाच्या आजी परत गेल्या असतील, याची हळहळ वाटली.

तिथून दहा किलोमीटरवर रंधा. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खोल घळीत उडी घेते. शेजारी घोरपडादेवीचे देऊळ आहे. रंधा धबधबा एके काळी पावसाळ्यानंतरही आवर्तनाच्या पाण्यावर वाहायचा. आता धबधब्याच्या वरच पाणी अडवून ते बोगद्याने कोदणीच्या वीजगृहाकडे नेतात. त्या वीजगृहाची क्षमता ३४ मेगावॉट आहे. भंडारदऱ्याच्या पायथ्याशी १२ आणि इथे ३४, हे कसे, असे मी विचारले. वीज दोन गोष्टींवर ठरते, मामा म्हणाले : पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते. नदी रंध्याला जी उंची एका उडीत गमावते, ती उंची बोगद्याने राखून पाणी थेट खाली जनित्रावर घातले की त्याच पाण्याची ताकद कितीतरी वाढते. म्हणून उन्हाळ्यात रंधा कोरडा असतो आणि आज सकाळी तो गरजत होता. जनित्रांना पेलवेल त्याहून जास्त पाणी आले, की उरलेले पाणी धबधब्याला मिळते. आम्ही कठड्याशी उभे राहून जे पाहत होतो ते विजेला न लागलेले पाणी होते.

हे ऐकून काहींना हळहळ वाटेल. मला वाटली नाही. एकाच पाण्याने दोनदा वीज द्यावी आणि मग शेतीला जावे, यात नदीचा अपमान नाही. मात्र सणासुदीच्या दोन-चार दिवशी थोडे पाणी धबधब्याला सोडले तर त्यावर जगणाऱ्या हॉटेलवाल्यांचे आणि भाविकांचेही भले होईल. घळीच्या कडेला पूर्वी अनेक अपघात झाले आहेत. तरीही छायाचित्रासाठी कठडा ओलांडणारी मुले त्या दिवशीही होती, आणि पोलिसांना शिट्या मारून त्यांना मागे घ्यावे लागत होते.

रंध्याच्या खाली नदी निळवंडे धरणात जाते. ८ टीएमसीहून थोड्या अधिक क्षमतेचे हे धरण दीर्घकाळ रखडले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झाले. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव या तालुक्यांतल्या कोरड्या गावांबरोबर आपल्या सिन्नर तालुक्यातल्या काही गावांनाही त्याचा लाभ व्हायचा आहे. म्हणजे घाटघरचा पाऊस आता नाशिक जिल्ह्याच्या शिवारातही पोचतो. रस्त्यावरून जलाशयाचा लांबचलांब पट्टा दिसत राहतो. तिथे पर्यटकांची गर्दी अजून नाही, आणि राजूरला पेढे घेण्यापुरतेच आम्ही थांबलो.

अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींच्या आश्रमात दर्शन घेतले आणि संगमनेर ओलांडून ओझरच्या बंधाऱ्यावर गेलो. हे आपल्या विमानतळाचे ओझर नव्हे, संगमनेर तालुक्यातले. भंडारदऱ्याचे पाणी नदीपात्रातून इथपर्यंत येते आणि इथे डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि त्या उसावर विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. दुष्काळापासून वाचवण्यासाठी आणलेले पाणी उसाला किती जावे, यावर तेव्हापासून वाद आहे. कारखान्याने या भागाला शाळा आणि दवाखाने दिले हे खरे. पण ज्या डोंगरात पाऊस पडतो तिथल्या बाईला मे महिन्यात झऱ्यावर रांग लावावी लागते, तोवर ही वाटणी पुरी झाली असे मला म्हणवत नाही.

कालव्यांची दारे त्या दिवशी उतरवलेली होती आणि बंधाऱ्यावरून पाण्याची सलग चादर पुढे नेवाश्याकडे, गोदावरीच्या संगमाकडे आणि मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाकडे निघाली होती. नाशिकच्या गंगापूर-दारणा धरणांचे पाणीही शेवटी तिथेच जाते. म्हणूनच समन्यायी पाणीवाटपाचा, म्हणजे वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडावे याचा, प्रश्न निघाला की नाशिक आणि नगरचे शेतकरी एका बाजूला आणि मराठवाड्याचे दुसऱ्या बाजूला उभे राहतात. मामांनी नोकरीत त्या बैठका पाहिल्या होत्या. बंधाऱ्यावर एक पाटकरी, म्हणजे कालव्याचे पाणी वाटणारा कर्मचारी, भेटला. दोघांची क्षणात ओळख जमली आणि चारीवरच्या पाळ्या, फुटलेली दारे, रात्रीची गस्त यांवर अर्धा तास बोलणे चालले. निघताना त्याने मामांना सांगितले, ‘साहेब, रब्बीचे पहिले आवर्तन सुटेल तेव्हा या. तेव्हा भंडारदऱ्याची मोरीही चालू असते आणि इथे पाटही भरून वाहतो.’

नांदूर शिंगोटे, सिन्नर करत रात्री आठला नाशिकला पोचलो. ज्यांना अंब्रेला फॉल आणि रंधा दोन्ही वाहताना पाहायचे आहेत त्यांनी ऑगस्टच्या उत्तरार्धात, धरण भरल्यावर आणि घाटघरला मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जावे. फुले आणि नावेची सफर हवी असेल तर सप्टेंबरअखेर. काजव्यांसाठी जूनचा पहिला आठवडा. मामांनी मात्र पाटकऱ्याचा सल्ला मानला आहे आणि आवर्तनाची तारीख कळली की घोटीच्या रस्त्याला लागायचे, असे आत्ताच ठरवून टाकले आहे.